भुजलीच्या वाट्याची माती

मुर्रीतल्या त्या गल्लीला अन्नपूर्णाच्या गच्चीवरचं काम दिसायच्या आधी ऐकू यायचं. चाळणीची खसखस, घमेल्याचा ठणका, आणि या दोन्हींच्या मधून वाहणारा तिचा बारीक आवाज. गाणी तिला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी श्रावणात टोपल्या डोक्यावर घेऊन बाया तळ्याकडे निघत, त्यांच्या मागे चालता चालता चाल कानात बसली. शब्द ती आपले आपण जोडी.

माती चाळते मी बाई, माती मऊ लोण्यावाणी
माझ्या भुजलीच्या दारी देते ओंजळीनं पाणी

आज पहिली ओळ आली आणि दुसरी आलीच नाही. चाळणी हातात तशीच राहिली. कार्तिकाचं ऊन गच्चीवर पसरलं होतं, कापलेल्या निळ्या ड्रमांमधून वांगी, टमाटर, कोथिंबिरीचा हिरवागार सांबार माना डोलवत होते, आणि अन्नपूर्णाला त्या हिरव्याकडे बघवत नव्हतं. आत्ताच पुष्पांजलीचा फोन येऊन गेला होता.

"भुजली, नीतूले मी नाई म्हनलं."

"काय नाई म्हनलं?"

"बाळंतपनाले येऊ नोको म्हनलं. सासरीच राह्य. सासू चांगली आहे तिची, करील."

"कायले वो? पहिलं बाळंतपन. पोरगी मायच्या घरी नाई येईल त कुठं जाईल?"

"माह्या हातानं काय जगून रायलं, तूच सांग. पहिली मेथी मेली. सांबार मेला. तू बी पाठवलं, ते पेरलं, तेही जळलं. आता त्याच हातानं लेकराले न्हाऊ घालू काय?"

अन्नपूर्णानं फोन कानापासून लांब धरला. "हॅलो? हॅलो? आवाज नाई येऊन रायला वो भुजली," असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि फोन बंद केला. आवाज तर असा स्वच्छ येत होता, की पलीकडे अंगणातली चिमणीसुद्धा ऐकू आली होती.

भुजली म्हणजे टोपलीत पेरलेला गहू. श्रावणात पेरायचा, अंधाऱ्या खोलीत वाढवायचा, आणि राखी झाली की दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तळ्यावर न्यायचा. पाण्यात सोडण्याआधी दोन पोरी त्या पिवळ्या कोवळ्या काड्या एकमेकींच्या कानावर खोवतात आणि जन्माच्या मैत्रिणी होतात. त्या घडीपासून एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणून. सालेकशाकडच्या गावात, कचारगडाच्या डोंगराकडे तोंड केलेल्या तळ्याच्या पाळीवर, अन्नपूर्णानं आणि पुष्पांजलीनं अशाच काड्या खोवल्या होत्या. तेव्हा दोघींचे दुधाचे दात नुकते पडले होते. पुढं एक गोंदियाच्या वेशीवर मुर्रीला दिली, दुसरी सौंदडला. सख्ख्या बहिणी वाटण्यांवरून बोलेनाशा झाल्या. या दोघींमध्ये वाटणी करण्याजोगं काही नव्हतंच. होती ती माया, आणि ती कुणी मोजली नव्हती.

पुष्पांजलीचं सासर तलाव बांधणाऱ्यांचं. गावाच्या वरच्या अंगाला अजून तिच्या सासऱ्यांच्या पूर्वजांनी घातलेली पाळ आहे, तिच्याखाली सगळ्या गावाचं धान पिकतं. अशा घरात पाण्याची ददात नाही, मातीची नाही. पण पुष्पांजलीचा गुडघा धरला. वाडीत उकिडवं बसून निंदणं होईना. तेव्हा तिचा नवरा उमेंद्र मुर्रीला आला, अन्नपूर्णाची गच्ची पाहून गेला, आणि घरी जाऊन मोठाले ड्रम मधोमध कापून बसला. बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडली, काठ दगडानं घासले, बायकोचा हात कापू नये म्हणून. अंगणात विटांवर ओळीनं मांडले. "आता उभ्यानं भाजी तोड," म्हणाला. चैत्रात एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. ड्रम रिकामेच राहिले. पावसात त्यांत पानं कुजली.

पोळा झाल्यावर पुष्पांजलीनं पहिल्यांदा काही मागितलं. "भुजली, तुह्यासारखी माती देशीन काय? त्यानं ड्रम कापले, ते भरावं म्हनते."

आणि तिथंच अन्नपूर्णा चुकली होती.

ड्रममधली माती शेतातल्या मातीसारखी चालत नाही, हे ती सगळ्यांना सांगायची. नुसती माती घातली तर दोन पाण्यांत विटेसारखी बसते, मुळं गुदमरतात. म्हणून एक घमेलं तलावाचा गाळ, एक घमेलं जुनं शेणखत, आणि एक घमेलं धानाचं जळकं तूस. वरून मूठभर लिंबोळीची पेंड. गाळ पाणी धरून ठेवतो, खत पोसतं, तूस वाट मोकळी ठेवतं. पण तूस कोणतं, यात सगळी गोम. राईस मिलच्या भट्टीतून निघते ती राख तिखट असते. पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवायची. बोटाला साबणासारखी बुळबुळ लागेनाशी झाली की मगच मिसळायची, आणि मिसळलेलं ओल्या बारदान्याखाली मुरायला ठेवायचं. शेणखत असं हवं की हातात घेतलं तर ते शेण होतं हे सांगावं लागावं. शेवटी पळसाच्या द्रोणात मूठभर गहू पेरून बघायचा. गहू हिरवा निघाला तर माती झाली.

उन्हाळ्यात लावलेला ढीग दसऱ्यापर्यंत असा मुरला होता की मूठ वळली तर लाडू व्हावा आणि बोट लावलं तर भुगा. त्यातल्या गोण्या तिनं पुष्पांजलीसाठी बाजूला ठेवल्याही होत्या. तेवढ्यात शहरातल्या सिव्हिल लाईनच्या बंगल्यातली एक मॅडम आली. तिची मैत्रीण आली. मैत्रिणीची जाऊ आली. "अन्नपूर्णाजी, आप के हाथ में तो जादू है," असं मॅडम म्हणाली, आणि अन्नपूर्णाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर तिच्या हातांना मिरच्या कुटणारे, पोह्यांचे पापड लाटणारे हात म्हणून सगळे ओळखत. जादूचा हात कुणी म्हटलं नव्हतं. बाजूला ठेवलेल्या गोण्या एकेक करत बंगल्यांवर गेल्या.

मग एका दुपारी तिचा नवरा कैलाश म्हणाला, "उद्या टेम्पो सडक अर्जुनीकडं रिकामा चालला आहे. तुह्या भुजलीची माती टाकतो रस्त्यात. तयार आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं मिलची ताजी राख तशीच ओतली. न भिजवता. गोठ्यामागचं शेणखत उपसलं, ते हाताला ऊबदार लागलं. ती ऊब तिला आजही तळहातावर जाणवायची. तिला कळलं होतं की हे अजून शिजतंय, आतून तापतंय. पण मन म्हणालं, घरचीच तर आहे. थोडं उन्नीस-बीस चालून जाईल. परक्याला वाईट देता येत नाही, तो तोंडावर बोलतो. आपल्या माणसाला काय! गोण्या शिवल्या, टेम्पोत टाकल्या, आणि द्रोणातला गहूसुद्धा पेरून पाहिला नाही.

मेथी उगवली. दोन पानं आली, पानांच्या कडा तांबूस झाल्या, आणि सगळी ओळच्या ओळ आडवी. पुष्पांजलीनं फोन केला तेव्हा अन्नपूर्णाच्या जिभेवर खरं आलं होतं. पण बाहेर पडलं ते, "बी जुनं असन वो." आणि त्या खोट्याला खरं करायला तिनं नवं बी विकत घेऊन पाठवलं. पुष्पांजलीनं गुडघ्यावर हात टेकत ते पेरलं. तेही जळलं. आता दोष द्यायला बी उरलं नव्हतं. उरला होता फक्त हात.

कैलाश गच्चीवर चढून आला तेव्हा ती चाळणी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय वो, चाळनी पूजेले बसवली काय?"

तिनं सांगितलं. नीतूचं, बाळंतपणाचं, फोनचं.

कैलाश कठड्याला टेकला. तो फार बोलणारा माणूस नव्हता, आणि बोलला तर मीठ-मसाला घालणारा नव्हता. "सांगून टाक ना. राख कच्ची होती म्हन. दोन शब्द."

"फोनवर सांगू?"

"मंग जाऊन सांग. पॅसेंजर जाते ना सौंदडले."

"अन् ती म्हनल, चांगली कोनाले देली, तवा काय सांगू?"

कैलाश ड्रमांकडे वळला. त्यानं ड्रममधलं एक वांगं उगाच दाबून पाहिलं. "ते मले नोको इचारू," म्हणाला आणि खाली गेला.

रात्रभर तिनं एक युक्ती घडवली. सांगायचं कशाला? कोपऱ्यात पावसाळ्यात लावलेला, दसऱ्याला अजून कच्चा असलेला ढीग आता मुरला होता. त्यातल्या दोन गोण्या घेऊन जायच्या. म्हणायचं, भुजली, ड्रमात थोडी नवी माती टाकू. जुनी उपसायची, ही भरायची, बी पुष्पांजलीच्याच हातानं पेरायला लावायचं. उगवेल. हिरवं होईल. हाताचं भूत आपोआप उतरेल, नीतू येईल, आणि बोलायची वेळच येणार नाही. युक्ती इतकी गोड होती की पहाटेपर्यंत ती तिला चांगुलपणाच वाटू लागली.

चांद्याकडं जाणाऱ्या गाडीत तिनं गोण्या सीटखाली सरकवल्या. हिरडामालीपाशी खिडकीतून कापलेल्या धानाच्या पेंढ्या दिसल्या. दुसरा दिवस असता तर तिनं त्यांच्यावर दोन ओळी जोडल्या असत्या. आज तिला त्या पेंढ्या झोपवलेल्या मेथीसारख्या दिसल्या.

सौंदडला पुष्पांजलीचं अंगण सारवलेलं, स्वच्छ. ड्रम विटांवर ओळीनं, उमेंद्रनं मांडले तसेच. आतली माती वरून पांढुरकी, राखेची साय धरलेली, आणि तिच्यात काळ्या पडलेल्या काड्या. ओट्यावर पुष्पांजलीची सासू सुशीलाबाई लाखोळीची डाळ निवडत होती. तिला सुनेसकट सगळे मामी म्हणत.

"आली वो मुर्रीवाली," मामी म्हणाली. "बोऱ्यात काय आनलं? सोनं?"

"माती आहे, मामी."

"घ्या! सौंदडले माती आनली. उद्या तलावात पानी आनजो."

पुष्पांजली आतून आली. वाळली होती. लुगड्याच्या पदरात तिनं दोन्ही हात गुंडाळून घेतले होते, थंडी नसताना. नेहमी ती आल्या आल्या अन्नपूर्णाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायची. आज लांबूनच हसली. "बस भुजली. चहा मामी करतीन."

"मी कायले करीन?" मामी म्हणाली. "हिच्या हाताले काय झालं आहे, सांग हिले. चहा करत नाई, लोनच्याच्या बरनीले हात लावत नाई. आनखी काही दिवसांनी जेवन मीच भरवीन. मी त केव्हाची रांडमुंड! माह्याच हातचे वांगे खाऊन हिचा नवरा मोठा झाला ना?"

"तुमची गोष्ट येगळी, मामी."

"येगळी कायची? माह्या हाताले का सोन्याचे बोटं आहेत?"

पुष्पांजलीनं पदर आणखी घट्ट गुंडाळला. अन्नपूर्णानं लगबगीनं गोणीची शिवण उसवली, आणि रात्री घडवलेलं वाक्य म्हटलं. "भुजली, ड्रमात थोडी नवी माती टाकू. ही जुनी काढू. मी बी आनलं आहे, तू पेर."

पुष्पांजली गोणीशी वाकली. आतली काळी, भुसभुशीत, ओल धरलेली माती बघत राहिली. हात पदराबाहेर आला, गोणीच्या तोंडापर्यंत गेला आणि मागे फिरला.

"किती गोड माती आहे वो," ती हळूच म्हणाली. "नाई. मी नाई लावत हात. तूच भर, तूच पेर. तुह्या हातचं येते."

"तू पेर ना."

"दोनदा पेरलं ना भुजली. आता ही चांगली माती कायले नासवू? तू पेर. हिरवं दिसू दे अंगनात, त्याचे ड्रम भरू दे. माह्या हातानं नाई त तुह्या हातानं."

अन्नपूर्णा गोणीपासून मागे सरली. रात्रभर घडवलेल्या युक्तीचं तोंड आता तिला दिसलं. आपण पेरलं, तर उगवेल. हमखास उगवेल. आणि त्या हिरव्या ओळी रोज सकाळी पुष्पांजलीला सांगतील की माती दोन्ही वेळा मुर्रीचीच, ड्रम तेच, अंगण तेच. भुजलीच्या हाताचं आलं आणि तुझ्या हाताचं मेलं. नीतू मग कधीच येणार नाही. बाळाला ही बाई दुरूनच बघेल, पदरात हात गुंडाळून.

"घे ना," पुष्पांजली म्हणाली आणि बियांची पुडी तिच्या हातात ठेवायला लागली. ठेवतानाही बोटं लागू नयेत म्हणून वरून सोडली.

पुडी खाली पडली. अन्नपूर्णानं ती उचलली नाही.

"राख कच्ची होती," ती म्हणाली.

"काय?"

"दसऱ्याले पाठवलेल्या मातीतली. मिलची राख धुतलीच नाई मी. शेनखत गरम होतं. हाताले लागलं, तरी घातलं. त्यानं जळलं तुहं. बी चांगलं होतं. पहिलंही चांगलं होतं, दुसरंही. तुहा हात..."

मामीनं डाळीवरून मान वर केली.

पुष्पांजली ड्रमाकडे गेली. काठावर उमेंद्रनं दगडानं घासलेली जागा होती, तिथं अंगठा फिरवत उभी राहिली. मग पाठमोरीच विचारलं, "तुह्यापाशी मुरलेली नव्हती काय?"

"होती."

"कोनाले देली?"

"सिव्हिल लाईनच्या मॅडमले. तिच्या मैत्रिनीले."

"अन् मले?"

अन्नपूर्णानं उत्तर दिलं, कारण आता न देणं आणखी वाईट होतं. "मले वाटलं, तू घरचीच आहे. तुले चालून जाईल."

"मंग फोन केला, तवा काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"लाज वाटली," पुष्पांजली म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुले लाज वाटली म्हनून मी त्याच्या फोटोले हात लावला नाई. दिवाळीले दिवा मामीनं लावला. पोरीले म्हनलं, येऊ नोको. रडली ती फोनवर, माहीत आहे तुले? म्हनली, माय, मी काय केलं? तुले लाज वाटली, अन्नपूर्णा!"

मामीच्या हातातलं सूप सरकून डाळ सांडली. "अवो, भुजलीचं नाव घेते काय कोनी! जीभ चाव."

"घेतलं," पुष्पांजली म्हणाली. "एवढ्या वर्साचं एकदाच घेतलं."

अन्नपूर्णानं मान खाली घातली. आयुष्यात ते नाव सासूनं घेतलं होतं, रेशनवाल्यानं घेतलं होतं, मॅडमनं जी लावून घेतलं होतं. या तोंडून ते ऐकताना मात्र कुणी दारातून बाहेर ढकलावं तसं वाटलं. ती उठली. पदरानं डोळे पुसले आणि गोणीशी गेली, निदान हातानं काही करावं म्हणून. पहिल्या ड्रममधली जळकी माती उपसायला तिनं हात घातला.

"हात नोको लावू."

अन्नपूर्णा थांबली.

"तिथं बस. मामीजवळ. मी करते. तू फक्त सांग." पुष्पांजलीनं पदर कमरेला खोचला. कोपरापर्यंत झाकून ठेवलेले हात ऊन लागल्यासारखे मोकळे झाले. "अन् ते बोरे वापस ने. तुह्या मातीत उगवलं त तुहंच उगवन."

मग ती दुपार अशी गेली. पुष्पांजलीनं गुडघा ओढत एकेक ड्रम कलता केला, माती अंगणात पसरली, तिच्यावर बादलीनं पाणी ओतलं. पांढुरकं, साबणासारखं पाणी वाहत नालीकडे गेलं. पुन्हा ओतलं. मामीच्या जुन्या उकिरड्यातून खत आणलं. दोन पावसाळे मुरलेलं, त्यात गांडुळं लवलव करत होती. तलावाच्या पाळीखालून काढलेला गाळ घरामागे ढेकळं होऊन पडला होता, तो मोगरीनं फोडला. मिलच्या राखेचं नावही निघालं नाही. तिनं भोकं पाडलेल्या डब्यात काड्या पेटवल्या, भोवती धानाचं कोरडं तूस रचलं, आणि धूर निघाला तसं ते सुपानं वरखाली करत राहिली.

"काळं झालं की पानी मार," अन्नपूर्णा म्हणाली. "पांढरं झालं की गेलं."

"दिसून रायलं मले."

"थोडं डावीकडं पेटून रायलं."

"सांगितलं ना, दिसून रायलं!"

खतात ढेकूळ राहिलं. ते पुष्पांजलीला दिसलं नाही, अन्नपूर्णाला दिसलं, आणि ती ओट्यावरून अर्धी उठली. मामीनं तिच्या मांडीवर हात ठेवून तिला खाली बसवलं. "बस," मामी हळूच म्हणाली. "राहू दे एखादं ढेकूळ. तिच्या हातचं राहू दे."

अन्नपूर्णा बसली. दोन्ही हात मांडीवर. जन्मभर हातानं कामं उरकली, बोलणं उरकलं, चूकही हातानंच झाकायला आली होती. आता ते हात मांडीवर परक्याच्या ठेवीसारखे पडले होते. समोर पुष्पांजलीचे हात कोपरापर्यंत काळे झाले. गाळ, खत, तूस, गाळ, खत, तूस. ती गात नव्हती, पण घमेली ओतायचा ताल मात्र दळणाचा होता. मध्येच तिनं माती मुठीत दाबली, उघड्या तळव्यावरचा गोळा बघितला, आणि अंगठ्यानं टिचकी मारली. गोळा फुटला.

"झाली काय?" तिनं विचारलं. विचारणं अन्नपूर्णाकडे बघून नव्हतं, पण होतं तिलाच.

"झाली. आता बारदाना भिजवून झाक. मुरू दे. मंगच पेर."

"किती दिवस?"

"गहू टाकून पाह्य. तो हिरवा आला की."

पुष्पांजलीनं हात धुतले नाहीत. तशाच मातीच्या बोटांनी तिनं ओट्यावरचा मोबाईल उचलला, काचेवर काळे ठसे उठले.

"नीतू? काय करून रायली? जेवली काय? ... आयक. तू येजो. हो, इथंच ये. ... नाई, काही नाई झालं. तसंच म्हनलं होतं मी, डोस्कं फिरलं होतं. ... बॅग भरून ठेव, वीरेंद्र जावयाले म्हन सोडून दे. ... आता रडू नोको ना वो, पोटातलं आयकते."

माती अजून बारदान्याखाली जायची होती. एक दाणासुद्धा पेरला नव्हता. पुष्पांजलीनं उगवायची वाट पाहिली नाही, हे अन्नपूर्णाला दिसलं, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा दगड जरा सरकला. पूर्ण उतरला नाही. तो उतरवायचा अधिकार तिचा नव्हता.

गाडीची वेळ झाली. मामीनं चहा दिला, पोहे दिले. पुष्पांजली दारापर्यंत आली.

"उगवलं की मी फोन करीन," ती म्हणाली. "तू नोको करू."

"बरं."

"अन् मी नाई केला, त येऊ नोको."

"बरं," अन्नपूर्णा पुन्हा म्हणाली.

तिनं एक गोणी डोक्यावर घेतली, दुसरी ऑटोवाल्यानं स्टेशनपर्यंत आणून दिली. फलाटावर सिमेंटच्या बाकाशी गोण्या उभ्या करून ती बसली. बाजूला टोपलीत सेमीच्या हिरव्या शेंगा घेऊन एक बाई गोंदियाच्या बाजाराला निघालेली.

"काय आहे वो बाई बोऱ्यात?"

"माती."

"सौंदडची माती गोंदियाले?" बाई हसली. "तिकडं माती संपली काय?"

"तिकडचीच आहे. वापस नेऊन रायली."

"काऊन? खराब निघाली?"

लांबवर गाडीचा भोंगा वाजला. अन्नपूर्णा उठून उभी राहिली, गोणीचं एक टोक धरलं.

"नाई," ती म्हणाली. "चांगली आहे. उशिरा आनली."

बाईनं टोपली बाजूला ठेवली आणि गोणीचं दुसरं टोक धरलं.